रुंद रुळांवर अरुंद इंजिन : 830 वर्गासोबत आठ महिने

माझे वडील कुर्डुवाडीच्या नॅरो गेज (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) वर्कशॉपात फिटर होते. त्यामुळे ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या यार्डात माझ्या वाट्याला ‘जुनं नॅरो गेजचं’ इंजिन आलं तेव्हा बाकीचे हसले, मला मात्र घरचंच कुणी भेटल्यासारखं झालं. आठ महिने धान्याच्या वॅगनचं शंटिंग केलं. पाचपैकी साडेतीन गुण देईन.

इंजिन 830 वर्गाचं, अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या डीएल 531 घराण्यातलं, 950 अश्वशक्तीच्या आसपासचं. सिडनीच्या ए. ई. गुडविन कंपनीने 1959 ते 1970 दरम्यान अशी 45 इंजिनं साउथ ऑस्ट्रेलियासाठी बांधली. त्या राज्यात गेज तीन : 1067 (नॅरो), 1435 (स्टँडर्ड) आणि 1600 (ब्रॉड) मिमी. पीटरबरोला तर एके काळी तिन्ही एकाच गावात होती. म्हणून वरचं धूड तेच, खालच्या बोग्या, म्हणजे चाकं-धुऱ्यांचे सांगाडे, बदलल्या की गेज बदललं. 1970 मध्ये ब्रोकन हिल ते पोर्ट पिरी मार्ग स्टँडर्ड झाला, तेव्हा नॅरोवर मोकळी पडलेली काही इंजिनं अशीच दुसऱ्या गेजवर कामाला लागली. आपल्याकडे 1992 नंतर युनिगेजमध्ये, म्हणजे सगळीकडे एकच ब्रॉड गेज करण्याच्या योजनेत, रूळ बदलले आणि मीटर गेजची धडधाकट इंजिनं शेडमागे गंजत राहिली, हे आठवून पोटात कालवतं.

चालायला इंजिन झकास. पाय फाकून उभं राहिल्यासारखं स्थिर, डोलणं नाहीच म्हणा ना. पण गेज रुंद केलं म्हणून वजन वाढत नाही. सहा धुऱ्यांवर सगळं मिळून सुमारे 70 टन. आपल्याकडच्या डब्ल्यूडीएम-2 या ब्रॉड गेज डिझेल इंजिनाचं वजन 112 टनांवर, त्यामुळे तिथल्या सवयीने नॉच (ताकद वाढवायच्या दांड्याची पायरी) ओढला की इथे चाकं जागच्या जागी फिरतात. आणि अल्को म्हणजे अल्को : टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) जागा होईपर्यंत काळा धूर, मग ओढ. ती येईपर्यंत हात आवरायचा, हे शिकायला महिना गेला.

हिवाळ्यात मात्र वैताग आला. पहाटे दव पडलं की थोड्याशा चढावरही भरलेला रेक (वॅगनची रांग) हलेना. चाकांना पकड मिळावी म्हणून रुळावर वाळू सोडली तरी घसरणं चालूच. मला वाटलं, माझाच हात जड. शेवटी टॉर्च घेऊन खाली वाकलो, तर एका बाजूची वाळू रुळाच्या आत, खडीवर पडत होती. 1067 आणि 1435 मधला फरक 368 मिमी, म्हणजे एका बाजूला 184. बोग्या बदलणाऱ्याने तेवढं सगळं नीट केलं होतं, वाळूच्या एका नळीचा ब्रॅकेट तेवढा जुन्या जागी राहिला होता. दहा मिनिटांचं वेल्डिंग, आणि दुसऱ्या पहाटे तोच रेक गुपचूप निघाला.

लाँग हूड (केबिनपुढचं इंजिनाचं लांब नाक) पुढे ठेवून चालवताना सिग्नल शोधावे लागतात. केबिनही अरुंदच राहिली. माझे गुडघे आणि कंट्रोल स्टँड यांची ओळख जरा जास्तच झाली. उन्हाळ्यात आत भट्टी.

असं गेज बदललेलं इंजिन कुणी घेणार असेल, तर इंजिन तेल, बॅटरी हे सगळं बघालच. पण एकदा इंजिन उभं करून वाळू सोडा आणि बाराही चाकांकडे चालत जाऊन बघा, ती कुठे पडते ते.