कौटुंबिक वकिली करायची, पण कुठे? शहरातलं कौटुंबिक न्यायालय आणि तालुक्याचं कोर्ट

सनद मिळाली, बार कौन्सिलची परीक्षा सुटली, आणि करायची तर कौटुंबिकच प्रॅक्टिस हेही ठरलं. मग बहुतेक जण ओळखीचा सीनिअर शोधतात आणि तो बसतो त्या कोर्टात जाऊन बसतात. खरं तर आधी जागा ठरवावी. पुण्याच्या शिवाजीनगरला किंवा मुंबईत वांद्र्याला कौटुंबिक न्यायालयात जायचं, की आपल्या तालुक्याच्या दिवाणी कोर्टात? कायदा तोच असला तरी रोजचं काम फार वेगळं असतं.

जिथे १९८४च्या कायद्याखालचं कौटुंबिक न्यायालय आहे, तिथे घटस्फोट, नांदण्याचा दावा, पोटगी, मुलाचा ताबा, नवरा-बायकोतला मालमत्तेचा वाद असं बरंचसं एका इमारतीत चालतं. तालुक्यात तेच भांडण फुटतं. हिंदू विवाह याचिका वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे (ते कोर्ट तुमच्या गावी नसेल तर शेजारच्या गावी), पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, आणि बाजूला सासरच्यांवरची फौजदारी केस. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज बहुधा दोन्हीकडे दंडाधिकाऱ्यांकडेच जातो. एकाच जोडप्यासाठी दोन-तीन कोर्टांतले पुकारे (केसच्या नावाची हाक) सांभाळायला लागले की तालुक्यातला ज्युनिअर वर्षभरात दिवाणी आणि फौजदारी दोन्ही शिकतो. शहरातल्या ज्युनिअरला ही संधी सहज मिळत नाही.

उलट शहरात एक गोष्ट नव्या वकिलाला खटकते. कौटुंबिक न्यायालयात वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, १९८४च्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे कोर्टाची परवानगी लागते. ती सर्रास मिळते, पण कोर्टाची चाल त्यातून कळते. न्यायाधीश थेट नवरा-बायकोशी बोलतात, प्रकरण विवाह समुपदेशकाकडे जातं आणि वकीलसाहेब बाहेर बाकावर. उलटतपासणीत समोरच्याला घाम फोडायची हौस असलेल्यांनी इकडे न आलेलंच बरं. पण दोन चिडलेल्या माणसांना शनिवार-रविवारच्या भेटीचं वेळापत्रक मान्य करायला लावण्यात ज्याला मजा वाटते, त्याला हे काम लागू पडतं.

अशील कोण येणार हेही जागाच ठरवते. हिंदू विवाह कायद्यातल्या २००३च्या दुरुस्तीपासून बायको स्वतः राहते तिथे याचिका दाखल करू शकते. पोटगी आणि हिंसाचाराच्या अर्जालाही तीच मुभा आहे. त्यामुळे लग्न पुण्यात मोडलं तरी मुलगी माहेरी परतली की मॅटर बार्शीत किंवा संगमनेरला उभं राहतं. तालुक्याच्या वकिलाकडे म्हणूनच माहेरी आलेल्या मुली आणि त्यांचे वडील जास्त येतात. शहरात दोघंही कमावते, म्युच्युअलवर (परस्पर संमतीच्या घटस्फोटावर) आलेले, त्यात थांबायची सहा महिन्यांची मुदत माफ होईल का असं पहिल्याच भेटीत विचारणारे. (होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात त्याच्या अटी सांगितल्या आहेत.)

कागद वाचायची सवयही वेगळी लागते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणाचा निकाल नोव्हेंबर २०२०मध्ये लागला. तेव्हापासून पोटगीच्या मागणीत दोन्ही बाजूंनी मालमत्ता-देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. शहरात त्यात पगाराची स्लिप, कंपनीचे शेअर, फ्लॅटचा हप्ता, कधी अमेरिकेतली नोकरी. परदेशातल्या घटस्फोटाचा हुकूम इथे चालतो का, तिकडून परस्पर आणलेल्या मुलाचं काय, हे प्रश्न पुण्यात आता नवलाईचे राहिले नाहीत. भारताने मुलांच्या पळवणुकीबाबतच्या हेग करारावर सही केलेली नसल्यामुळे यात तयार उत्तर नसतं आणि वाचणाऱ्या वकिलाला वाव मोठा.

तालुक्यात तेच शपथपत्र एका ओळीचं येतं: मी बेरोजगार आहे. जमीन वडिलांच्या नावावर, ट्रॅक्टर भावाच्या, दूध डेअरीचं खातं आईच्या. इथे सातबारा आणि फेरफार वाचता येत नसेल तर पोटगी पदरात पडत नाही. वडिलोपार्जित जमिनीत नवऱ्याचा हिस्सा किती, हे जुने फेरफार काढून दाखवावं लागतं. त्यातूनच पुढची कामं येतात: बहिणीचा वाटणीचा दावा, वारस दाखला, विधवा सुनेचा हक्क. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मानणाऱ्या विनीता शर्मा निकालानंतर (सर्वोच्च न्यायालय, ऑगस्ट २०२०) मुलींचे वाटणीचे दावे करणाऱ्याला घराण्याचं अख्खं भांडण हाताळायला मिळतं. मला स्वतःला हे काम शहरी घटस्फोटापेक्षा जास्त रसाळ वाटतं.

तालुक्याचं एक खास दुखणं म्हणजे स्टँप पेपरवरची सोडचिठ्ठी. पाच पंच, दोन सह्या, आणि दोघंही मोकळे झाल्याच्या समजुतीत. हिंदू विवाह कायद्यात रूढीने मिळणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, पण ती रूढी त्या समाजात आहे हे सिद्ध करावं लागतं. ते न जमल्यास दुसरं लग्न अडचणीत. असा कागद घेऊन आलेल्या माणसाला वेळेत अडवणं हे तिथलं मोठं काम, आणि त्याची फी कोणी देत नाही.

फीचं बोलायचं तर शहरात ती ठरवून, टप्प्याने मिळते, पण पहिली काही वर्षं ज्युनिअर म्हणून तुटपुंज्या पैशांत काढायची आणि वर खोलीभाडं. तालुक्यात घरचं जेवण, पण फी ‘उसाचं बिल आलं की’. मिळालेल्या पोटगीत टक्केवारी ठरवायची दोन्हीकडे मनाई, कारण निकालावर अवलंबून फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. जाहिरातही करता येत नाही. म्हणून शहरात नाव व्हायला वेळ लागतो, आणि तालुक्यात ते एका केसवर होतं किंवा जातं.

गुप्ततेत शहर उजवं. तालुक्यात समोरचा पक्षकार तुमच्या चुलत्याचा व्याही निघतो आणि कोर्टातली गोष्ट संध्याकाळच्या आत बाजारात पोचलेली असते. तिथे बायकांनी वकिली करणं अजूनही चिवटपणाचं काम आहे, पण महिला अशील त्यांच्याकडेच मोकळेपणी बोलतात हा मोठा फायदा. रात्री अकराच्या फोनचा त्रास दोन्हीकडे सारखाच.

सावंतवाडी-दोडामार्गकडच्या वाचकांचं गणित आणखी वेगळं. सोयरीक गोव्यात, आणि तिथे हिंदू विवाह कायदा नाही, पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता आणि नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता. दोन्ही कायदे येणारा वकील तिथे हवाच असतो.

न्यायाधीश व्हायचा विचार असेल तर दोन्ही वाटा चालतात. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला २०२५पासून पुन्हा तीन वर्षांची वकिली लागते, कौटुंबिक न्यायालयाच्या न्यायाधीशपदाला सात वर्षांची.

माझा कल मधल्या शहरांकडे आहे: नाशिक, कोल्हापूर, नागपूर. कौटुंबिक न्यायालयही आहे आणि जमिनीचे दावेही हाताशी येतात. ताबा आणि परदेशी प्रकरणांतच रस असेल तर मात्र पुणे-मुंबईला पर्याय नाही. घरचं ऑफिस असेल, जमिनीचं वेड असेल, तर तालुका सोडू नका.

कुठेही गेलात तरी सीनिअर निवडताना त्यांनी किती घटस्फोट मिळवून दिले हे विचारू नका. पोटगी वसुलीचे किती अर्ज चालू आहेत ते विचारा. हुकूम मिळवणारे पुष्कळ असतात. नवरा चाकणच्या कंपनीत कंत्राटावर लागलाय हे शोधून पगारावर जप्ती आणणारे, किंवा वॉरंट बजावून घ्यायला पोलीस ठाण्यात चार खेपा घालणारे थोडे. आणि थकबाकीसाठी वॉरंटचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो, हे त्यांच्या ज्युनिअरला न सांगता आठवतं का, तेही बघून घ्या.