कुजणारा मल्चिंग पेपर: बरणीत मोजावा की शेतात पुरून?

कुजणारा मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरायची कुजणाऱ्या प्लास्टिकची पातळ फिल्म, मातीत खरंच जिरतो का, हे तपासायचे मुख्य मार्ग दोन. कोणता घ्यायचा ते आपल्या प्रश्नावर ठरतं.

पहिला मार्ग बंद बरणीचा. ओलसर मातीत पेपरचे तुकडे मिसळायचे, आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची वाटी ठेवायची आणि तिने शोषलेला कार्बन डायऑक्साइड टायट्रेशनने (थेंबाथेंबाने आम्ल घालून) मोजत राहायचा. एका बरणीत नुसती माती हवीच, कारण तीही हा वायू सोडते आणि तेवढा वजा करावा लागतो. आणखी एकीत सहज कुजणारं सेल्युलोज, म्हणजे मातीतले जीव काम करताहेत का ते कळतं. एक ग्रॅम कार्बनपासून जास्तीत जास्त ३.६७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो; त्याच्याशी टक्केवारी काढायची. ईएन १७०३३ हे २०१८ चं युरोपीय मानक दोन वर्षांत ९० टक्के मागतं. पूर्ण शंभर मागणं चूकच ठरेल, कारण थोडा कार्बन सूक्ष्मजीवांच्या शरीरात जातो. अशा पेपरात वापरल्या जाणाऱ्या पीबीएटी या प्लास्टिकचा खुणेचा (वेगळा ओळखता येणारा) कार्बन बुरशीच्या धाग्यांत सापडल्याचं झुरिकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं.

पण बरणीचं तापमान सुमारे २५ अंशांवर धरलेलं आणि ओल कायम राखलेली. एप्रिलमधल्या भेगाळलेल्या रानाबद्दल ती काहीच सांगत नाही.

तिथे जाळीची पिशवी उपयोगी पडते: पेपर भरायचा, नांगरटीच्या खोलीवर पुरायचा, ठरलेल्या वेळी काढून तोलायचा. स्वस्त, आणि माती आपलीच. मात्र वजनावर माझा अजिबात भरवसा नाही. काळी माती पेपरला घट्ट चिकटते आणि वजन वाढवते. धुवायला जावं तर बारीक तुकडे निसटतात, काही जाळीतून आधीच मातीत गेलेले असतात. तुकडे होणं म्हणजे कुजणं नव्हे. ऑक्सो-डिग्रेडेबल, म्हणजे लवकर तुटावं म्हणून रसायन मिसळलेलं साधं प्लास्टिक नेमकं असंच भुगा होतं, म्हणून युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात त्यावर बंदी आणली. संशोधनासाठी काम असेल तर पिशवीतली मातीसुद्धा क्लोरोफॉर्मने धुऊन उरलेलं पॉलिमर (म्हणजे मूळ प्लास्टिक) मोजावं. खर्च वाढतो, पण आकडा विश्वासाचा मिळतो.

शेतकरी गटाने बरणीचा खटाटोप स्वतः करू नये. विक्रेत्याकडे मातीतल्या चाचणीचा अहवाल मागावा. ‘कंपोस्टेबल’चा दाखला इथे चालत नाही: ती चाचणी ५८ अंशांच्या आसपास होते आणि त्या उष्णतेत कुजणारं पीएलए हे प्लास्टिक साध्या मातीत फार रेंगाळतं. अहवाल पटला तरच पिशव्या पुराव्यात. कोरडवाहू आणि ठिबकच्या रानात वेगवेगळ्या, आणि निदान दोन पावसाळे पुरतील एवढ्या.