नवी रॅकेट की जुनी? आधी खर्चाची वही बघा

टेनिस सुरू करणारा माणूस पहिला प्रश्न रॅकेटचाच विचारतो. नवी घेऊ की सेकंडहँड? मीही तोच विचारला होता आणि महिनाभर त्यावर डोकं शिणवलं होतं. गेल्या वर्षी मात्र टेनिसचा सगळा खर्च वहीत लिहून ठेवला, तेव्हा कळलं की माझी घासाघीस भलत्याच ठिकाणी चालली होती.

हिशेब असा. पुण्यात हार्ड (सिमेंटसारख्या कडक) कोर्टवर आठवड्याला तीन सकाळी, चौघांचा डबल्सचा ग्रुप. पावसाळा आणि सुट्ट्या वजा जाता ३६ आठवडे खेळ झाला. बॉलचा डबा आठवड्याला एक, साधारण ४५० रुपयांचा. चौघांत वाटून माझे ४,०५०. गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा (गट) नव्याने ओवून घेणं, चार वेळा, गट आणि मजुरी धरून ३,६००. शूज ५,५००. ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायच्या पट्ट्या) १,२००. कपडे १,५००. रॅकेट सेकंडहँड, ७,००० ची. चार वर्षं वापरायची म्हटलं तर वर्षाला १,७५०. कोर्टाची फी सोडून एकूण १७,६००. म्हणजे रॅकेटचा वाटा जेमतेम दहा टक्के! तीच रॅकेट नवी १६,००० ला घेतली असती तर वर्षाला ४,००० पडले असते. ज्या प्रश्नावर मी महिना घालवला, तो वर्षाला २,२५० रुपयांचा होता.

तरी २,२५० काही कमी नाहीत, म्हणून आधी रॅकेटचंच बघू.

अगदी नवखे असाल, खेळ टिकेल की नाही हेच ठाऊक नसेल, तर डेकॅथलॉनसारख्या दुकानातली स्वस्तातली नवी रॅकेट घ्या. हजार-दोन हजारांची अॅल्युमिनियमची रॅकेट सहा महिने बिनतक्रार चालते. तिथे सेकंडहँडच्या मागे धावण्यात अर्थ नाही, वाचणार ते पेट्रोलमध्ये जाईल. खेळ लागला आणि ग्रॅफाइटची हवी झाली, की मग जुनीकडे वळा. कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी रंग बदलून नवी आवृत्ती आणतात आणि हौशी मंडळी लगेच जुनी विकायला काढतात. तुमच्या-माझ्या फोरहँडला त्या दोघींतला फरक कळत नाही. नवीच हवी असेल, तर आदल्या आवृत्तीचा उरलेला माल सवलतीत मिळतो का ते विचारा. मला तरी हा सगळ्यात शहाणपणाचा मधला मार्ग वाटतो.

जुनी घेताना मात्र फोटोवर जाऊ नका. मी एकदा गेलो होतो. ऑनलाइन मागवलेली रॅकेट घरी आली, दिसायला झकास. गटिंगवाल्या काकांनी ती खिडकीशी धरली, तिच्या डोक्याच्या, म्हणजे गोल चौकटीच्या, कडेवरून नख फिरवलं आणि घड्याळात दोन वाजतात त्या जागी थांबले. "हा ओरखडा नाही, तडा आहे. पन्नास पाउंडांच्या ताणाला गट ओढला तर माझ्याच हातात मोडेल." पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी चार गोष्टी बघतो. रंग उडालेला चालतो, पण नख अडकेल अशी रेघ चालत नाही. डोक्याची कड आणि मुठीच्या वरचा फाटा खास तपासायचा. टोकाचं प्लॅस्टिक झिजून आतलं ग्रॅफाइट उघडं पडलंय का ते बघायचं. हलवून खुळखुळ येते का ऐकायचं. आणि वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करायचं: बाबोलाट कंपनीची नेहमीची प्युअर ड्राइव्ह रॅकेट बिनगटिंगची ३०० ग्रॅमची असते, गट घातला की पंधरा-सतरा ग्रॅम वाढतात, ओव्हरग्रिपचे पाच-सहा वेगळे. त्याहून फारच वेगळा आकडा आला तर माल नकली असण्याची शंका घ्यावी. मुठीचं माप दोन आकड्यांत अडलं तर लहान घ्या. ओव्हरग्रिप गुंडाळून मूठ जाड करता येते, जाड मूठ बारीक करणं बहुतेक रॅकेटींत जमत नाही.

मुलांसाठी तर नव्या रॅकेटचा विचारच करू नये. २१, २३, २५, २६ इंच असं करत मूल वर्ष-दीड वर्षात पुढच्या मापाला जातं. हात खाली सोडून रॅकेट धरली की टोक जमिनीला जेमतेम टेकावं, एवढं माप पुरे. "वाढत्या अंगाचं" म्हणून मोठी घेतली की मनगट दुखतं. बॉल मात्र त्यांचेच हवेत: लाल बॉल नेहमीच्या पिवळ्यापेक्षा ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के संथ. मोठ्यांचे जुने, बसलेले बॉल म्हणजे मुलांचे बॉल नव्हेत.

आता गट, जिथे बहुतेकांचे पैसे नकळत जातात. टीव्हीवरचे खेळाडू पॉलिएस्टर वापरतात म्हणून आपणही तेच घालतो. पॉलिएस्टर सहज तुटत नाही हे खरं, पण ते मरतं: ताण जातो, लवचीकपणा जातो, आणि न तुटल्यामुळे आपण तोच मेलेला गट महिनोन् महिने ओढत राहतो. मग कोपर बोलायला लागतं. फिजिओथेरपीची एक फेरी किती गटिंगांच्या भावात पडते, ते ज्याला टेनिस एल्बो झाला त्याला विचारा. साधा सिंथेटिक (नायलॉनचा) गट स्वस्त, हाताला मऊ, आणि तुटला की आपोआप बदलला जातो. महिन्याला गट तोडणारे असाल तरच पॉलिएस्टरचा विचार करा. आवडता गट ठरला की २०० मीटरचं रीळ घ्यावं. एका रॅकेटीला जास्तीत जास्त १२ मीटर लागतो, म्हणजे १६ गटिंगं. आमच्या चौघांत प्रत्येकी चार, बरोबर एका वर्षाचं काम. सुट्या पाकिटांपेक्षा रीळ सहसा स्वस्त पडतं.

बॉलमध्ये दोन जाती. डबा उघडताना फुस्स होतं ते प्रेशरवाले. उघडल्यापासून हवा जायला लागते. बिनप्रेशरचे जाड रबरावर उसळतात, म्हणून महिनोन् महिने उसळी टिकते, पण हाताला दगडासारखे लागतात. मॅचला प्रेशरवाले, एकट्याने टोपलीभर बॉल घेऊन सर्व्हिसचा सराव करायला बिनप्रेशरचे, अशी मी वाटणी केली आहे. नियमाप्रमाणे २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला बॉल १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. घरी एवढं मोजत बसायला नको. डोक्याच्या उंचीवरून नवा आणि जुना एकदम सोडा, जुना कमरेपर्यंतही आला नाही तर तो सरावाच्या टोपलीत. हवा टिकवणारे घट्ट डबेही मिळतात. उसळी टिकते, पण हार्ड कोर्टने खाल्लेली बॉलवरची लोकर परत येत नाही. आम्ही एक घेतला, आता त्यात कोणीतरी शेंगदाणे ठेवतं.

शूजवर मी एक रुपया वाचवायला तयार नाही. रनिंगचे शूज सरळ धावायला केलेले, टाच उंच आणि मऊ. आडवं झेपावलं की घोटा मुरगळतो. बॅडमिंटनचे घरात पडलेले असतात म्हणून मीही ते घालून उतरलो होतो. लाकडी फ्लोअरसाठीचा मऊ रबराचा गम सोल हार्ड कोर्टवर सहा आठवड्यांत गुळगुळीत झाला, आणि अंगठ्यापाशी, सर्व्हिस करताना जिथे पाय घासतो तिथे, चक्क भोक पडलं. स्वस्त म्हणून घातलेले ते शूज महिन्याच्या हिशेबाने माझे सगळ्यात महाग ठरले. वाचवायचंच असेल तर मॉडेल मागच्या वर्षीचं घ्या, रंग कोणालाच न आवडलेला घ्या, पण शूज टेनिसचेच घ्या.

कपड्यांचं मात्र उलट. पुण्यात प्रत्येकाच्या कपाटात कुठल्या ना कुठल्या मॅरेथॉनचे चार-पाच टीशर्ट असतातच, घाम सुकवणारे, फुकटचे. तेच घाला. फक्त हाफपँटला बॉल मावेल असा खोल खिसा हवा आणि मोजे जाड हवेत. पांढरे कपडे विंबल्डनला लागतात. आपल्याकडे क्लबचा नियम काय आहे ते एकदा ऑफिसात विचारून घ्या. आमच्याकडे एवढंच सांगितलं की बाबा, बनियनवर येऊ नका.