आधी पिप की आधी दान्तेस?

अचानक आलेल्या पैशाने तरुण माणूस कसा बदलतो, हे वाचायचं असेल तर दोन नावं हमखास पुढे येतात: ड्यूमाची कादंबरी 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' (१८४४ पासून क्रमशः; नायक दान्तेस) आणि डिकन्सची 'ग्रेट एक्सपेक्टेशन्स' (१८६०-६१, तीही क्रमशः; नायक पिप). कथानकं बहुतेकांना ऐकून ठाऊक असतात, म्हणून एका ओळीतच सांगतो: खोट्या आरोपावरून कैद झालेला दान्तेस सुटून दडवलेला खजिना मिळवतो आणि सूड घेतो; गावातल्या गरीब पिपला एका अज्ञात दात्याकडून पैसा मिळतो आणि तो लंडनला जातो. आता थेट मुद्द्यावर येतो.

वेगात ड्यूमाला तोड नाही. गुहेतली पेटी उघडते ते प्रकरण मला मध्येच खाली ठेवता आलं नाही. पण तिथून पुढे एक गोष्ट खटकत राहिली. दान्तेस चार छोटे हिरे विकतो, प्रत्येकी पाच हजार फ्रँकला, आणि त्यानंतर पैसा त्याला कुठेच अडवत नाही. खुद्द वैऱ्याच्या पेढीवर त्याची अमर्याद पत! शिवाय एकोणिसाव्या वर्षी पकडलेला हा खलाशी सुटतो तेव्हा तेहतिशीचा आहे. त्याला घडवलं ते चौदा वर्षांच्या कैदेने. खजिना म्हणजे फक्त सुडाचं हत्यार. शेवटी त्याला स्वतःबद्दल शंका येते, ती सुडावरून, पैशावरून नव्हे.

पिपचं तसं नाही. तो आणि त्याचा मित्र हर्बर्ट देण्यांचा हिशेब मांडतात. १६४ पौंडांचं देणं असेल तर 'थोडी सूट ठेवू' म्हणून दोनशे लिहितात, आणि लगेच त्या दोनशेपर्यंत नवी उधारी करून ठेवतात.

आणि 'जो' नावाच्या लोहाराची लंडनभेट! ज्याने लहानपणी पिपला माया दिली, तोच त्याला 'सर' म्हणतो. शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यात ठेवलेली त्याची टोपी सारखी घसरते आणि तो ती झेलत राहतो. पैसे देऊन त्याचं येणं टाळता आलं असतं तर मी दिले असते, असं पिप आधीच कबूल करून बसलेला असतो. शहरात बरी नोकरी लागल्यावर गावाकडचा मामा ऑफिसात येणार म्हटलं की कावरीबावरी होणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यामुळे असेल कदाचित, पण मला ते पान फार लागलं.

डिकन्सचा मधला भाग रेंगाळतो, हे मान्य. नुसती गोष्ट हवी असेल तर ड्यूमा खुशाल घ्या. प्रश्न स्वभावाचा असेल, तर माझ्या मते आधी पिप. त्याला पैसा कोण देतं, हे मात्र कुणाला आधी विचारू नका.