फेकता येणारा सोनार : उन्हाळी जलाशयावर कितपत उपयोगी?

दोरीला बांधून पाण्यात फेकता येणारा, चेंडूएवढा बिनतारी सोनार (ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालचे चित्र काढणारे यंत्र) काठावरून गळ टाकणाऱ्यांमध्ये आता बराच रुळला आहे. पाण्याचा स्पर्श होताच तो सुरू होतो आणि खालचे चित्र मोबाइलवर पाठवतो. तो विकला जातो ‘मासे दाखवणारे यंत्र’ म्हणून. परंतु ऐन उन्हाळ्यात मोठ्या जलाशयावर वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, मासे दाखवणे हे त्याचे सर्वांत कच्चे काम असून पाण्याचे थर दाखवणे हे सर्वांत पक्के काम आहे.

खोल जलाशयात उन्हाळ्यात वर तापलेले हलके पाणी आणि तळाशी थंड, जड पाणी असे दोन थर होतात आणि त्यांच्यामध्ये थर्मोक्लाइनचा पट्टा तयार होतो, जिथे खोलीच्या दर मीटरला तापमान साधारण १ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक उतरते. खालच्या थराचा हवेशी संबंध तुटलेला असतो. तळाशी कुजणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू संपवत जातो आणि उन्हाळा सरताना तो थर माशांना राहण्याजोगा उरत नाही. वरच्या पाण्यातही फार चैन नसते, कारण २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यामुळे तिलापिया, कार्प, कॅटफिश यांसारखे उबदार पाण्यातले मासेदेखील बहुतेक वेळ थर्मोक्लाइनच्या वरच सापडतात आणि त्याखाली सोडलेले आमिष बहुधा वाया जाते. हा पट्टा सोनारवर धूसर, आडव्या रेघेसारखा दिसतो. मात्र त्यासाठी संवेदनशीलता हाताने थोडी वाढवावी लागते, कारण स्वयंचलित मांडणी ती रेघ ‘कचरा’ समजून पुसून टाकते. उत्पादकाने माहितीपुस्तिकेत ही गोष्ट ठळकपणे सांगायला हवी होती.

वारा एकाच दिशेने बराच वेळ वाहत राहिला, तर तापलेले पाणी समोरच्या काठाकडे लोटले जाते आणि तिथे थर्मोक्लाइन खाली दबते, तर वारा ज्या काठाकडून येतो तिथे ती वर सरकते. मोठ्या जलाशयावर हा फरक चांगलाच जाणवतो. आमिष किती खोल सोडायचे, हे एका काठावर ठरवून दुसऱ्या काठावर तसेच चालवू नये. तिथे पुन्हा एकदा सोनार फेकून पाहण्याइतके सोपे दुसरे काही नाही. उपकरणातला तापमापक मात्र फक्त पृष्ठभागाचे तापमान सांगतो, हे विसरू नये.

आता मोबाइलच्या पडद्यावर सॉफ्टवेअर दाखवते त्या माशांच्या चिन्हांविषयी. ही चिन्हे ताबडतोब बंद करावीत. ध्वनिलहरी प्रामुख्याने माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून परततात, पण उबदार पाण्यात तळाच्या गाळातून वायूचे बुडबुडेही सतत वर येत असतात आणि सॉफ्टवेअर त्यांनाही मासा ठरवते. बुडालेल्या झाडांच्या फांद्यांचेही तसेच. मूळ प्रतिध्वनीचे चित्र पाहिले, तर बुडबुड्यांच्या तिरप्या, वर चढत जाणाऱ्या रेघा थोड्या सवयीने ओळखू येतात. कमानीची आकृती मासा ध्वनिशंकूतून, म्हणजे सोनारपासून खाली शंकूसारख्या पसरत जाणाऱ्या ध्वनिलहरींच्या झोतातून, आरपार गेल्यावर उमटते. सोनार स्थिर असताना खाली थबकलेला मासा लांब, सपाट रेघ काढतो, म्हणून कमान न दिसणे म्हणजे मासा नसणे नव्हे.

शंकूची रुंदी निवडता येते, हा चांगला गुण आहे. १५ मीटर खोलीवर २० अंशांचा शंकू सुमारे ५ मीटर व्यासाचे वर्तुळ पाहतो, तर ६० अंशांचा सुमारे १७ मीटरचे. रुंद शंकूत उताराचा काठ आणि तळ एकमेकांत मिसळतात, म्हणून बुडालेल्या जुन्या नदीपात्राची कड शोधताना अरुंद शंकूच वापरावा आणि सोनार हळूहळू ओढत आणावा. कठीण तळाची रेघ ठळक येते आणि कधीकधी तिच्याखाली दुसरा प्रतिध्वनीही उमटतो, तर मऊ गाळाची रेघ फिकट येते. हा फरक या उपकरणात स्पष्ट कळतो. दाट शेवाळात व पाणवनस्पतींत मात्र त्याचा काहीच उपयोग नाही. हवेत श्वास घेऊ शकणारी मरळ अशाच उथळ जागी दडते, तेव्हा तिच्यामागे असलेल्यांनी यात पैसे घालू नयेत.

हाताळणीत काही अडचणी आहेत. हा चेंडू हलक्या काठीने फेकण्याजोगा नाही. जाड, विणलेली दोरी आणि दणकट काठी वेगळी ठेवावी लागते. रेडिओ संकेत पाण्यातून जवळजवळ जात नसल्यामुळे लाटांखाली चेंडू झाकला गेला की चित्र तुटते, आणि वाऱ्याच्या दिवशी हे वारंवार घडते. भर उन्हात मोबाइल तापून पडदा मंदावतो, तो वेगळाच त्रास. ज्यांच्याकडे होडी आहे, त्यांनी तिला पक्का बसवायचा सोनार घ्यावा, कारण होडी सरकत असताना हा चेंडू मागे ओढत नेणे कटकटीचे आहे आणि वेग थोडा वाढला तरी चित्र बिघडते.