पेणहून आणलेला शाडूचा गणपती

पेणचा गणपती हवा असेल तर कारखान्यात जाऊनच घ्या, हे आधीच सांगते. पेणची म्हणून मूर्ती मुंबई-ठाण्यात मांडवामांडवांत मिळते, पण एकदा रंग चढला की ती शाडूची की पीओपीची हे आपल्याला कळत नाही. मागे एका विक्रेत्याने शाडूची म्हणून दिलेली मूर्ती विसर्जनानंतर बादलीत जशीच्या तशी बसून होती. सासूबाईंना ते फार लागलं. म्हणून यंदा डोंबिवलीहून थेट पेणची कासार आळी गाठली.

आषाढातच गेलो, घरचा पाट घेऊन. पाट आधी देऊन ठेवायची रीत इथे अजून चालते, मूर्ती त्याच पाटावर बसवून मिळते. तेव्हा गेल्याचा मोठा फायदा म्हणजे कच्च्या, करड्या मूर्ती डोळ्यांसमोर असतात. शाडू साच्यात हाताने दाबून भरतात, पीओपीसारखा ओतत नाहीत. मूर्ती सावलीतच वाळवायची, उन्हात तडकते. पावसाळी हवेत वाळायला वेळ लागतो, त्यामुळे श्रावण संपताना जाऊन घाई केलीत तर कारखानदार नाहीच म्हणणार.

मूर्ती घ्यायला गेलो तेव्हा आमच्याच बाप्पाची आखणी, म्हणजे डोळे रेखायचं काम, चालू होती. कारागीरदादांनी आधी विचारलं, "मखर किती उंच? पूजेला खाली बसता की उभं राहता?" आम्ही खाली बसतो म्हटल्यावर त्यांनी करंगळी मूर्तीच्या गालाशी टेकवली, भुवईची रेघ एका दमात ओढली, मग पापणी, आणि बुबुळ किंचित खाली घेतलं. पूजेला बसल्यावर बाप्पा खरोखर आपल्याकडे बघतोय असं वाटतं. माझ्या मते पैसे या आखणीचेच आहेत, आणि ते थोडेच आहेत.

१२ इंची मूर्तीचे ३,२०० रुपये घेतले. पीओपीच्या मानाने महाग, आणि वजनालाही चांगलीच जड. सोवळ्याचा पिवळा आणि अंगाचा रंग डोळ्यांना शांत वाटतो, उगाच चमक नाही. तक्रार एकच, बांधाबांध. खोक्यात नुसता पेंढा भरला होता आणि महामार्गावरचे खड्डे तर सगळ्यांना माहीत आहेत. मी मूर्ती मांडीवर घेऊन बसले म्हणून सोंड वाचली. तुम्ही जाल तेव्हा जुनी गोधडी बरोबर न्या.

विसर्जन घरीच टबात केलं. सकाळपर्यंत खाली मऊ गाळ उरला होता, तो कुंड्यांत घातला. सासूबाईंनी त्यातली मूठभर माती तुळशीला वेगळी काढून ठेवली.

गाडी नसेल तर दिवा-रोहा मार्गावर पेण स्टेशन आहे, पण परतताना मूर्ती घेऊन लोकलच्या गर्दीत शिरू नका. स्टेशनवरून दोघांनी मिळून रिक्षा करा. पुढच्या वर्षीचा साचा आम्ही बघून ठेवलाय, पाटही तिथेच ठेवून आलो.