वेब ॲप शिकायला पुस्तक घेताय? आधी लॉगिनचं प्रकरण उघडा

वेब ॲप्लिकेशन शिकायचं म्हणून दोन पुस्तकं घेतली होती. एक जाडजूड, जँगोवरचं (जँगो हे पायथन भाषेतलं फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲपचा तयार सांगाडा), पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत एकच प्रोजेक्ट उभा करत नेणारं. दुसरं त्याच्या पावपटही नाही. त्यात कुठलंच फ्रेमवर्क नाही. ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात एवढंच आहे. काही महिने दोन्ही हाताशी आहेत. नावं मुद्दाम देत नाही. या जातीची पुस्तकं ढीगभर आहेत आणि माझं म्हणणं कुठल्याही एका पुस्तकापुरतं नाही.

माझी सुरुवात कुठून होती ते आधी सांगतो, नाहीतर बाकीच्याला अर्थ उरणार नाही. पायथन कामापुरतं येत होतं: फाइली वाचणं, एक्सेलमधला डेटा साफ करणं, एवढंच. एचटीएमएल जुजबी. ज्याला पायथन अजिबात येत नाही त्याने जाड पुस्तक इतक्यात घेऊ नये. क्लास, इनहेरिटन्स आणि डेकोरेटर वाचकाला ठाऊक आहेत असं धरूनच ते चालतं.

प्रोजेक्टची निवड मात्र झकास आहे. ब्लॉग नाही, कामांची यादी नाही. सभासद, कार्यक्रम आणि कार्यक्रमांची नावनोंदणी असा मामला आहे. एक सभासद अनेक कार्यक्रमांना येणार, एका कार्यक्रमाला अनेक सभासद, म्हणजे मधलं टेबल आलंच. कार्यक्रमाला जागा मर्यादित, त्यामुळे शेवटच्या जागेसाठी दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तिथे ट्रान्झॅक्शन (एकतर सगळे बदल होतील नाहीतर एकही नाही, असा गट) म्हणजे काय आणि डेटाबेसमधली ओळ लॉक का करावी लागते, हे पुस्तक इतकं नीट सांगतं की त्या एका प्रकरणासाठी बाकीचं बरंच माफ. ब्लॉग बनवायला शिकवणाऱ्या पुस्तकात हा प्रश्न येतच नाही, म्हणून ती सोपी वाटतात.

आता खटकलेलं. पुस्तक जँगो ३.२ वर लिहिलंय, पण इन्स्टॉल करायच्या कमांडमध्ये आवृत्तीचा आकडाच नाही. मग संगणकावर येतं ते नवंकोरं जँगो. बराच वेळ काही बिघडत नाही. मग लॉगआउटचं प्रकरण येतं. पुस्तक सांगतं की मेनूमध्ये लॉगआउटची साधी लिंक टाका. टाकली, क्लिक केली, आणि पडद्यावर ४०५: मेथड नॉट अलाउड. कोड तंतोतंत पुस्तकातला.

कारण शोधायला घेतलं तर मजेशीर निघालं. साधी लिंक गेट रिक्वेस्ट पाठवते. गेट म्हणजे नुसतं बघणं. तिने सर्व्हरवर काही बदलू नये हा एचटीटीपीचा, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांचा, जुना संकेत. लॉगआउट तर स्थिती बदलतं. दुसऱ्याच कुठल्या साइटने आपल्या पानावर चित्राच्या पत्त्याच्या जागी तुमच्या लॉगआउटचा पत्ता लिहिला, तर ते पान उघडणारा माणूस नकळत लॉगआउट होऊ शकतो. म्हणून जँगोने ४.१ मध्ये गेटने लॉगआउट करणं मोडीत काढायचं ठरवलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ५.० पासून ते बंदच केलं. आता छोटा फॉर्म, पोस्ट मेथड (काही बदलायचं असेल तेव्हाची रिक्वेस्ट) आणि एक बटण लागतं. चार ओळींचं काम.

पण हे मला जाड पुस्तकातून कळलं नाही. बारक्या पुस्तकातलं गेट आणि पोस्टवरचं प्रकरण वाचलेलं होतं म्हणून ४०५ दिसताच कुठे बघायचं ते सुचलं. ते पुस्तक जँगोचं नावही घेत नाही. एचटीटीपी १.१ ची पहिली अधिकृत व्याख्या १९९७ ची. त्यानंतर एचटीटीपी २ आलं, ३ आलं, तरी गेट, पोस्ट, कुकी (साइटने ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटी नोंद), ४०४, ५०० यांचे अर्थ तेच राहिले. फ्रेमवर्कचं तसं नाही. जँगो २.० मध्ये पत्ते लिहायची पद्धत बदलली, फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्याकडे जाणारा दुवा) लिहिताना मूळ नोंद पुसली तर पुढे काय करायचं हे सांगणं सक्तीचं झालं, आणि त्याआधीच्या पुस्तकांतला कोड जागोजागी अडायला लागला. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या अँग्युलर फ्रेमवर्कच्या दुसऱ्या आवृत्तीने तर २०१६ मध्ये पहिलीशी नातंच तोडलं.

म्हणून आता कोणी पुस्तक कुठलं घेऊ विचारलं की मी पहिलं प्रकरण वाचू नका म्हणतो. पहिलं प्रकरण सगळ्यांचंच छान असतं. लॉगिनचं उघडा. पासवर्ड डेटाबेसमध्ये कसा ठेवतात ते बघा. एमडी५ (हॅशची, म्हणजे पासवर्डचं उलट न फिरवता येणारं रूप बनवायची, जुनी आणि आता कमकुवत पद्धत) दिसलं तर पुस्तक तिथेच मिटा. फ्रेमवर्क ते आपोआप करतं एवढ्यावर भागवलं असेल तर पुस्तक कामचलाऊ. सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला जोडायचा वेगळा मजकूर) म्हणजे काय आणि हॅश मुद्दाम सावकाश का हवा, हे अर्ध्या पानात का होईना सांगितलं असेल तर लेखकावर भरवसा ठेवायला हरकत नाही. मग कुकीकडे वळा. सेशनची कुकी जावास्क्रिप्टला वाचता येऊ नये म्हणून एचटीटीपी-ओन्ली असते, याचा उल्लेख आहे का? फॉर्ममधलं सीएसआरएफ टोकन (विनंती तुमच्याच पानावरून आली याची गुप्त खूण) नुसतं ‘विसरू नका’ म्हणून दिलंय की कशासाठी तेही सांगितलंय?

माझं जाड पुस्तक पासवर्डच्या बाबतीत पास, सीएसआरएफच्या बाबतीत नापास. टोकनचा टॅग लिहा, नाहीतर ४०३ येईल, एवढंच. खरी गोष्ट अशी, की तुमच्या साइटकडे जाणारी विनंती कुठल्या पानावरून निघाली याची फिकीर न करता ब्राउझर तुमची कुकी सोबत पाठवायचा. आता सेमसाइटच्या नियमांनी (दुसऱ्या साइटवरून निघालेल्या विनंतीसोबत कुकी कधी पाठवायची ते ठरवणाऱ्या) त्याला बराच आळा बसलाय, तरी टोकन लागतंच. हे दोन वाक्यांत मावलं असतं.

शेवटून दुसरं प्रकरण ॲप सर्व्हरवर चढवण्याचं. घाईत लिहिलेलं. डीबग (चुका तपशिलात दाखवणारी सोय) बंद करा म्हणतात, ते बरोबरच. चालू ठेवलं तर एरर आल्यावर तुमचा कोड आणि सेटिंग जगासमोर. पण बंद करताच सगळं सीएसएस गायब होतं आणि पान उघडंबोडकं दिसायला लागतं, याबद्दल चकार शब्द नाही. जँगोचा सरावाचा सर्व्हर डीबग चालू असेपर्यंतच स्टॅटिक फाइली (सीएसएस, चित्रं वगैरे) देतो. पुढे त्यांची सोय आपण करायची असते, व्हाइटनॉइझ हे पायथनचं पॅकेज बसवून किंवा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर पुढे ठेवून. नवशिका इथे हमखास दचकतो. टेस्टिंगचं प्रकरण ठीक, जावास्क्रिप्टचं नसतं तरी चाललं असतं.

एक फुकटचा सल्ला: जँगोचं पुस्तक घेताना ते कुठल्या आवृत्तीवर आहे ते मुखपृष्ठावर किंवा प्रस्तावनेत बघा. २.२, ३.२, ४.२, ५.२ अशा आवृत्त्या दीर्घ मुदतीच्या असतात. त्यांना साधारण तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. पुस्तक अशा आवृत्तीवर असेल तर शिकताना तीच आवृत्ती आकडा लिहून इन्स्टॉल करा, आणि प्रोजेक्ट पुरा झाला की मगच नव्यावर न्या. नेताना जे मोडतं ते जँगोच्या रिलीज नोट्समध्ये जवळजवळ नेहमी सापडतं. लॉगआउटचंही तिथेच आहे.

एआयला विचारलं की कोड मिळतोच, मग पुस्तक कशाला, असंही लोक विचारतात. कोड मिळतो, खरंय. पण शेवटच्या जागेसाठी दोघं भांडले तर काय, हा प्रश्न आधी आपल्याला पडावा लागतो, आणि मला तो पुस्तकामुळे पडला.

छापील की ई-बुक? जाड पुस्तक छापीलच बरं. छोट्या पडद्यावर कोडच्या ओळी मध्येच तुटतात, आणि पायथनमध्ये ओळीआधीची मोकळी जागा चुकली की कोड चालत नाही किंवा, त्याहून वाईट, भलताच चालतो. बारकं पुस्तक फोनवर वाचलं तरी चालेल, त्यात कोड नावापुरता आहे. दोन्ही घेणार असाल तर जाड आधी सुरू करा, पहिला फॉर्म चालेपर्यंत जा, मग ते बाजूला ठेवून बारकं एका दमात वाचा आणि परत या. उलट क्रमाने गेलात तर बारकं पुस्तक कोरडं वाटेल. पोस्ट म्हणजे काय हे कळायला हाताखाली एक तरी फॉर्म हवा.